बारावीच्या जूनमध्ये अडू नये म्हणून आठवीपासून काय करावं

बारावीनंतरचा प्रवेश हुकतो तो दर वेळी मार्कांमुळेच हुकतो असं नाही. पर्सेंटाइल बरं असतं, कॉलेज आवाक्यात असतं, आणि गाडी अडते ती पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीवर, आधारवरच्या एका अक्षरावर, नाहीतर अकरावीत मित्राच्या नादाने सोडलेल्या जीवशास्त्रावर. यातलं काहीच मे-जूनमध्ये निस्तरता येत नाही. पुढचं सगळं महाराष्ट्र बोर्डात शिकणाऱ्या मुलांना धरून लिहिलं आहे.

आधी नाव

मूल आठवीत गेलं की जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद शेजारीशेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात हे सगळं अक्षर न अक्षर ताडून बघा. मराठीत सहसा सगळं बरोबर असतं. घोळ असतो तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये. 'ज्ञानेश्वर' किंवा 'वैष्णवी' इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतं. आधार काढणाऱ्याने एक लिहिलेलं असतं, शाळेच्या क्लार्कने दुसरं.

मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सुटल्याचा दाखला हातात पडला की तेच काम कितीतरी पटीने अवघड होतं. दहावीचा फॉर्म भरल्यावर बोर्डाकडून शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे मुलांच्या तपशिलांची तपासायची यादी, येते. ती मुलाने घाईत सही करून परत द्यायची नाही, पालकांनी वाचायची. पुढे जेईई (आयआयटी-एनआयटीची प्रवेश परीक्षा) असो, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) असो, सगळीकडे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरून उचललं जातं.

जातीचे पुरावे: सर्वांत जास्त वेळ खाणारं काम

राखीव प्रवर्गातल्या मुलांना जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्रही लागतं. ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळतं, आदिवासींसाठी समिती वेगळी असते. समिती पुरावा मागते तो ठरावीक तारखेच्या आधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे कागद मुलाचा नव्हे, आजोबा-पणजोबांचा शोधायचा असतो.

तो सापडतो तीन-चार ठिकाणी. गावच्या जिल्हा परिषद शाळेतलं जुनं रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा, हा सर्वांत वजनदार. पणजोबा शाळेत गेले नसतील तर आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद बघा. जन्म-मृत्यूचा नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकते. चुलत घराण्यातल्या कोणाकडे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर निम्मं काम झालं. फक्त वंशावळीत ते नातं नीट दाखवावं लागतं, आणि वंशावळीतलं प्रत्येक नाव कागदांवरच्या नावाशी जुळावं लागतं. 'रामा', 'रामू' आणि 'रामचंद्र' एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र बरेचदा इथेच करावं लागतं.

पुरावे आठवी-नववीच्या दिवाळीत, गावी जाणं होतं तेव्हा गोळा करावेत. जातीचा दाखला दहावीआधी काढावा आणि अकरावीत गेल्यागेल्या कॉलेजचं पत्र घेऊन पडताळणीचा ऑनलाइन अर्ज करावा. बारावीच्या निकालानंतर अर्ज केला की त्याच आठवड्यात अख्खा जिल्हा समितीच्या दारात असतो. अर्जाच्या पावतीवर प्रवेश मिळेल का, हे त्या-त्या वर्षीच्या नियमांवर ठरतं. त्या भरवशावर दोन वर्षं काढू नयेत.

आठवी ते दहावीचा अभ्यास

सातवीला ५५ टक्के असतील, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायलाच हवी. निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ९० प्रश्न बुद्धिमत्तेचे, ९० अभ्यासक्रमाचे. (एनटीएसई ही दुसरी शिष्यवृत्ती परीक्षा मात्र २०२१ नंतर झालेली नाही. तिच्या नावाने कोणी अजून क्लास विकत असेल तर पैसे देऊ नका.)

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक काम वेगळं. सीईटीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे पेपर मराठीतही असतात, गणिताचा फक्त इंग्रजीत. अकरावीच्या सायन्सचं शिकवणं बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच चालतं. नववीत एक शंभर पानी वही करा, पानाचे दोन रकाने: डावीकडे त्वरण, संवेग, संयुजा, बहुपदी, घातांक, वर्गसमीकरण, उजवीकडे इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट. रोज पाच शब्द धरले तर दहावी संपेपर्यंत पुरेसा साठा होतो. अकरावीचे पहिले तीन महिने हुशार मुलंही चाचपडतात ती विषय अवघड म्हणून नव्हे, फळ्यावरचा शब्द ओळखीचा नसतो म्हणून.

चित्रकला येत असेल तर एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट परीक्षा दहावीआधी उरका. इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर दहावीत ७ गुण, बीला ५, सीला ३ वाढीव मिळतात. प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवला की नाही, तेवढं विचारत राहा.

अकरावी: विषय आणि पसंतीक्रम

२०२५पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू आहे. फॉर्ममध्ये दहा पसंतींपर्यंत भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. सोडलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर 'बघू लागतंय का' म्हणून लांबचं कॉलेज टाकायचं नाही. रोज दीड तास जाणं जमणार असेल तरच टाका.

विषयांच्या बाबतीत सगळ्यात फसवा पर्याय बायफोकलचा. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स असा २०० गुणांचा विषय घेतला की दुसरी भाषा आणि बहुधा जीवशास्त्र सुटतं. इंजिनिअरिंगच नक्की असेल तर काही बिघडत नाही. पण मन अजून दोलायमान असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. गणित सोडलं तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची दारं बंद. जीवशास्त्र सोडलं तर नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, वाट अवघड. आयसरच्या (केंद्राच्या विज्ञान संशोधन संस्थांच्या) परीक्षेत तर ६० पैकी १५ प्रश्न जीवशास्त्राचेच असतात.

कॉमर्सला जाणाऱ्यांनी सीए फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरच करून ठेवावी, परीक्षा बारावीनंतर देता येते. आणि दहावीनंतरचा डिप्लोमा हा कमी मार्कवाल्यांचा रस्ता नाही. तीन वर्षांनी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

अकरावी हे 'आरामाचं वर्ष' नव्हे. सीईटीत २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. पीसीएम गटात भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे. म्हणजे अकरावीचा वाटा २०० पैकी ४० गुणांचा. भौतिकशास्त्रात गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, प्रकाश, स्थिर विद्युत ही प्रकरणं त्यात आहेत आणि बारावीचाही पाया तीच आहेत. सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईई आणि नीटमध्ये मात्र चूक झाली की एक गुण जातो. दोन्ही देणाऱ्या मुलांनी सराव पेपर सोडवतानाच ही सवय वेगळी ठेवावी.

बारावीचं वर्ष: तारखांचा खेळ

डोमिसाइल, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला, एकदाच लागतं, ते अकरावीतच काढा. नॉन-क्रिमी लेयर (राखीव प्रवर्गात, पण उत्पन्न मर्यादेत असल्याचा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांचे दाखले मात्र मुदतीचे असतात, आणि मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत हौसेने काढलेला एक वर्षाचा दाखला जूनमध्ये रद्दी होतो. म्हणून हे दोन दाखले १ एप्रिलनंतर काढायचे. जेईईतून एनआयटी-आयआयटीला जायचं असेल तर ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, त्याच वर्षी १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला लागतो. राज्याचा दाखवून चालत नाही. दोन्ही नमुन्यांचे अर्ज एकाच खेपेत टाकावेत.