काकांच्या हातावरचे फोड लागत नाहीत कुणाला

आमचे काका शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, तळहात-तळपायाला सारखे फोड येतात त्यांना, आणि गल्लीतले लोक त्यांच्या हातून चहाचा कप घ्यायला कचरतात ह्याचं मला लई वाईट वाटतं. पाल्मोप्लांटर पस्चुलोसिस म्हणतात ह्याला. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, अजिबात नाही! फोडात पू दिसतो पण त्यात जंतू नसतात.

होतं असं की तळहात-तळपायाला घामाच्या ग्रंथी एकदम दाट असतात, त्यांच्या नळीच्या तोंडाशी आपलीच प्रतिकारशक्ती बिथरते, पांढऱ्या पेशी गोळा होतात, आधी बारीक पाण्याचे फोड, मग ते पिवळे, मग काही दिवसांत सुकून तपकिरी डाग, साल निघते, खालची कातडी लाल नि भेगाळलेली, आणि तोवर शेजारी नवीन फोड तयार, असं वर्षानुवर्षं चालू राहतं. टाचेला भेग पडली की चालवत नाही, कडक कोल्हापुरी चप्पल तर विसराच.

बायकांना जास्त होतो. बहुतेक पेशंट बिडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले असतात, सोडली म्हणजे फोड लगेच थांबतीलच असं नाही, तरी सोडाच. आणि छातीच्या वरच्या बाजूला, गळपट्टीच्या हाडापाशी दुखत असेल तर तेपण स्किनच्या डॉक्टरांना सांगा, काहींना ह्यासोबत तिथले सांधे सुजतात.