फोटोच्या कडेचा हात

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही.

संध्याकाळी वहिनींनी फोन पुढे केला. युद्धातून वाचलेली तीनेक वर्षांची पोर, फ्रॉकची एक बाही खाली घसरलेली. "ताई, हिला दत्तक आणायचंय. किती दिवस लागतील?" म्हटलं, "असं नाही होत, वहिनी." त्यांनी फोन पालथा ठेवला. दर वेळी हे 'नाही' माझ्याच वाट्याला का यावं?

पण टोचतोय तो फोटोच्या कडेचा हात. पोरीचं कोपर धरलेला, मोठ्या बाईचा, मनगटाला दोरा. आई नसेलही. मावशी, आत्या, शेजारीण... कुणीतरी आहेच ना?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं, तेव्हा पोर एका शाळेत आणि आजी दुसऱ्या शाळेत, अशी घरं पांगली. तेव्हा परक्या कुणी निजलेलं लेकरू मायेनं उचलून नेलं असतं तर? हैतीत २०१० च्या भूकंपानंतर ३३ मुलांना सीमेपार नेणारे परदेशी पकडले गेले. बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. नेपाळात तर खोटे कागद करून मुलं अनाथ ठरवली गेली. युनिसेफच्या हिशेबात दोघांपैकी एक गेलं तरी मूल अनाथ. आपण मात्र 'अनाथ' ऐकलं की कुणीच नाही असं धरून चालतो.

म्हणून एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलचा १९९३ चा हेग करार क्रम लावतो: आधी नातलग, मग त्याच देशातलं घर, मग परदेश. भारत त्यात २००३ मध्ये आला. युद्ध पेटलेलं असताना नातलग शोधणार कोण? युक्रेननं २०२२ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं. इथिओपियानं २०१८ मध्ये बंद केलं, चीननं २०२४ मध्ये, जवळच्या नात्यातली सोडून.

जिथं दार उघडं आहे तिथं आधी त्या देशाच्या कायद्यानं दत्तक. होम स्टडी (दत्तक घेणाऱ्या घराची पाहणी), मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पाहून 'कारा', म्हणजे दत्तकाचं काम पाहणारी आपली केंद्रीय संस्था, हेग करारातल्या कलम ५ व १७ खाली मान्यता देते. मुलाचा पासपोर्ट तिकडचा, म्हणून आपल्या वकिलातीतून व्हिसा.

आणण्याऐवजी पैसे पाठवायचे तरी नुसते अनाथाश्रमाला नकोत. खाटांच्या संख्येवर पैसे आले की खाटा भरायला मुलं आणली जातात. गेल्या वर्षी किती मुलं घरी परत पोचवली, हे आधी विचारावं. नातलग शोधणाऱ्या, त्या घराला महिन्याचा खर्च देणाऱ्या कामाला द्यावेत. तो हात पोरीला सांभाळू शकेल, एवढे.

'नाही' म्हटलं ते बरोबरच होतं. सांगायची रीत चुकली. आधी फोटोतला तो हात दाखवायला हवा होता.

वहिनींच्या कपाटातल्या दुपट्याबद्दल आज लिहवत नाही.

उद्या जाते. इथल्या मुलासाठी 'कारा'कडे नाव घालायचं तर दादांचा शाळेचा दाखला आधी बघायला हवा. गुरुजींनी लावलेली एक जून असणार, आधारवर वेगळीच तारीख. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज ९० पर्यंतच चालते. लग्नाची नोंदणीही केलेली नाही बहुतेक. तिथूनच सुरुवात करू.