नेहमी

पाऊस आत आला होता, टेबलावरचे कागद भिजले होते, आणि मी नवऱ्याला म्हणाले, "तू नेहमी खिडकी उघडी टाकतोस." वाक्य तोंडातून गेलं आणि लगेच कळलं, फसलो. "आज उघडी टाकलीस" एवढंच म्हटलं असतं तर विषय खिडकीचाच राहिला असता. "नेहमी" म्हटल्यावर तो स्वभावाचा झाला.

तर्कशास्त्रात "नेहमी"चा निकाल लावणं अगदी सोपं. एक अपवाद दाखवायचा, विधान आडवं. नवऱ्याने तो तिथल्या तिथे दाखवला. "मंगळवारी मीच लावली होती. तू झोपली होतीस." नियमाप्रमाणे मी हरले होते. पण मी म्हणाले, "हिशेब ठेवतोस होय?" झालं. बचाव करायला आलेला माणूस आरोपी होऊन बसला. अपवाद दाखवून घरात कुणी जिंकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तिथल्या "नेहमी"चा वारंवारतेशी काही संबंधच नसतो. "आज मला फार लागलंय" हे सरळ म्हणवत नाही, म्हणून आपण "नेहमी" म्हणतो. आता याला अपवाद कुठून आणणार?

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला बोलणं म्हणजे वाद. जिंकायला बोलणं म्हणजे जल्प. आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं फक्त खोडत राहायचं, ती वितंडा. आम्ही पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत साधारण चार मिनिटांत पोचतो. (पहिल्यावर फार वेळ थांबत नाही, हे कबूल.)

त्याच सूत्रांत छलाचीही, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेण्याची, व्याख्या आहे, आणि सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं त्याचं उदाहरण मला फार आवडतं. कुणी तरी म्हणतं, हा मुलगा "नवकंबल" आहे, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. "नव" म्हणजे नऊसुद्धा. ऐकणारा हटकून विचारतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! हे वाचून मी हसले होते. त्या दिवशी मात्र भांडता भांडता मागची एक गोष्ट निघाली आणि मीच म्हणाले, "खिडकी लावली असं म्हणाले होते मी. कडी घातली असं कुठे म्हणाले?"

नवऱ्याचं हत्यार वेगळं आहे. तो कारण देतो. "राहिली, कारण लक्षातच राहिलं नाही." ऐकायला उत्तर वाटतं, पण यात आहे काय? १९७८ साली मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झेरॉक्स मशीनपाशी आलेल्या माणसाला विचारायचं, पाच पानंच आहेत, मला आधी काढू द्याल का? नुसतं विचारलं तर ६० टक्के लोकांनी काढू दिलं. "घाई आहे म्हणून" म्हटल्यावर ९४ टक्क्यांनी. आणि "मला झेरॉक्स काढायच्यात म्हणून" या बिनकामाच्या कारणालाही ९३ टक्के! झेरॉक्स मशीनपाशी माणूस दुसरं काय काढणार? पण पाचाची वीस पानं झाली तेव्हा ते पोकळ कारण चाललं नाही. वीस पानांसाठी नुसतं विचारल्यावर जेवढे तयार झाले, तेवढेच या कारणालाही.

माझे भिजलेले कागद वीस पानांच्या वरचे होते. त्यामुळे "लक्षातच राहिलं नाही" मी चालवून घेतलं नाही.

बिनतोड उत्तर मला सुचलं ते रात्री, दिवा मालवल्यावर. पुरावा, दाखला, सगळं जागच्या जागी. सांगावं म्हणून कूस बदलली तर हा घोरत होता. तेवढ्यात वारा सुटला आणि खिडकी आपटली. झोपताना मी स्वतःच्या हाताने लावलेली, कडी घातलेली. उठून पाहिलं तर कडी पार सैल झालेली, जरा हिसका बसला की निसटायची.

आवाजाने तोही उठून मागे येऊन उभा राहिला होता.

"कडी बदलायला हवी, मी मागेच म्हटलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"नेहमी म्हणतो."