वशिंड नसलेले बैल आणि आयोवातील १८५० साल

नवी मुंबईच्या इतिहासात १९७० या सालाला विशेष स्थान आहे. त्या वर्षी १७ मार्चला सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाजणांवर एका नव्या शहराचा आराखडा पसरू लागला. त्याच १९७० साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात, राजधानी डे मॉइनला लागून असलेल्या अर्बनडेल या उपनगरात, कृषी अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांनी पुढाकार घेऊन ‘लिव्हिंग हिस्टरी फार्म्स’ नावाची संस्था उभी केली. शहर वाढत येत होते, तरी तिथली सुमारे ५०० एकर जमीन शेतीसाठी आणि तीही जुन्या काळच्या शेतीसाठी राखली गेली. आज तिच्या कडेने महामार्ग जातो आणि त्यावरून मालवाहू ट्रक धावत असतात, पण आतील शेतांत वाहने नाहीत. एका शेतात १८५० साल चालू असते, दुसऱ्यात १९००.

विमा कंपन्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या डे मॉइनमध्ये आम्ही नोकरीनिमित्त राहतो. माझे सासर नवी मुंबईतल्या घणसोलीचे आहे. सासरे काही महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना मोठाले मॉल आणि राज्याच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट दाखवून झाला. त्यात त्यांचे मन फारसे रमले नाही. शेतावर मात्र ते दिवसभर थांबले, आणि मलाही ते शेत तेव्हाच खऱ्या अर्थाने पाहता आले, कारण तोवर मी ते एखाद्या प्रदर्शनासारखे पाहत होते.

१८५०च्या शेतावर लाकडी ओंडक्यांचे लहानसे घर आहे, चिरलेल्या लाकडांचे नागमोडी कुंपण आहे, मका, गहू आणि बटाटा आहे, आणि ओढकामाला बैल आहेत. सासऱ्यांची पहिली हरकत बैलांवरच होती. “बैलाला वशिंडच नाय, मग जू ठरतं कशावर?” असे त्यांनी मला विचारले आणि मी ते त्या काळचा पोशाख घातलेल्या नांगऱ्याला इंग्रजीत सांगितले. त्याने बैल उभे करून दाखवले. आपल्याकडे जू वशिंडाच्या पुढे मानेवर टेकते आणि ओढताना वशिंडाचा आधार मिळतो. युरोपातून आलेल्या या जनावरांना वशिंड नसल्यामुळे त्यांच्या जुवाला वाफेवर वाकवलेल्या लाकडाची कमान गळ्याखालून घालतात आणि ओझ्याचा भार मान व खांद्यांवर येतो. त्याहून मोठे आश्चर्य म्हणजे बैलांना वेसण नव्हती आणि कासराही नव्हता. नांगऱ्या जोडीच्या डाव्या बाजूने चालतो, हातात एक काठी असते, आणि ‘जी’ म्हटले की जोडी उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे वळते. लहानपणापासून दोन गोऱ्हे एकत्र वाढवून, कोणी डावीकडे आणि कोणी उजवीकडे चालायचे हे ठरवून त्यांना शिकवतात. वेसणीशिवाय बैल आवरतो, ही गोष्ट सासऱ्यांना स्वतः पाहिल्याशिवाय पटली नसती.

त्यानंतर त्यांचे लक्ष नांगराने पाडलेल्या तासाकडे गेले. आपला लाकडी नांगर जमीन चिरतो, उलथत नाही. तिथला नांगर मातीची लांब पट्टी कापून बाजूला पालथी घालतो. आयोवाच्या गवताळ माळाची मुळे इतकी खोल आणि दाट असत की पहिल्यांदा ती जमीन फोडण्यासाठी बैलांच्या तीन ते सहा जोड्या एकामागे एक जुंपाव्या लागत. शिवाय ती काळी चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटून बसे आणि तो सारखा खरवडावा लागे. शेजारच्या इलिनॉय राज्यात जॉन डिअर या लोहाराने १८३७ साली पोलादी पात्याचा गुळगुळीत नांगर केला, तो चालला याचे कारण ही मातीच आहे. त्याच लोहाराच्या नावाचे हिरवे ट्रॅक्टर आज आपल्याकडेही दिसतात. पुस्तकात ही माहिती दोन ओळींत आटोपते. शेतावर नांगऱ्या थांबून पात्यावरून हात फिरवतो तेव्हा तिचे कारण समजते.

इथे वस्तूंपेक्षा कामाला महत्त्व आहे, आणि हाच फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बारा बलुतेदार, नांगरणी, मळणी, घरातले व्यवहार हे सारे तेथे शिल्पांतून फार बारकाईने उभे केले आहे आणि माझ्या मुलांना ते मनापासून आवडले. परंतु शिल्पातला बैल दमत नाही, शिल्पातल्या बाईला पाऊस येणार म्हणून धान्य आत घ्यावे लागत नाही. अर्बनडेलच्या शेतावर गहू वेळेत कापला नाही तर तो खरोखरच गळून जातो. जुनी हत्यारे काचेच्या कपाटात शतकभर टिकतील, पण ती चालवण्याचे कसब दर हंगामात कोणीतरी वापरले तरच राहते.

१९००च्या शेतावर जाताना पन्नास वर्षांचे अंतर चालत पार होते. बैलांच्या जागी दांडगे घोडे आलेले असतात, घरात चुलवणाऐवजी ओतीव लोखंडाची मोठी शेगडी असते, आणि धान्य कापून त्याच्या पेंढ्या बांधणारे यंत्र घोडे ओढत असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रसिद्ध हिशोबानुसार १०० बुशेल, म्हणजे साधारण अडीच टन मका पिकवण्यासाठी १८५०मध्ये माणसांचे ७५ ते ९० तास लागत. १८९०पर्यंत ते ३५ ते ४० तासांवर आले. हे आकडे वाचून शेतकरी सुखी झाला असे वाटते. तसे झाले नाही. वाचलेल्या तासांत त्याने जास्त जमीन कसायला घेतली, यंत्रासाठी कर्ज काढले, आणि घरातील बाईचे तास तर कोणी मोजलेच नाहीत. धुणे, लोणी घुसळणे, भाजीचा मळा, काचेच्या बरण्यांत हिवाळ्यासाठी भाजी-फळे भरून ठेवणे, आणि मळणीच्या दिवशी शेजारपाजारच्या साऱ्या गड्यांचे जेवण, हे सगळे तिच्याकडे होते. मळणीचे यंत्र गावोगाव फिरे आणि शेजारी एकमेकांच्या शेतावर राबत. आपल्या कोकणपट्टीतील सावड हीच. त्या स्वयंपाकघरात उन्हाळ्याच्या भर दुपारी पेटलेल्या शेगडीजवळ उभे राहिल्यावर मला त्या जेवणावळीचे अप्रूप उरले नाही.

मक्याची कणसे हाताने काढण्याचे काम मात्र पाहण्यासारखे असते. तळहाताला चामड्याच्या पट्ट्यावर बसवलेला लोखंडी आकडा असतो. त्याने पाने फाडायची, कणीस मोडायचे आणि न पाहता गाडीकडे फेकायचे. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी असते, तिच्यावर आपटून कणीस आत पडते, आणि घोडे हाकणाऱ्याशिवाय केवळ आवाजावर पुढे सरकतात. आयोवाचेच हेन्री वॉलेस, जे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९२०च्या दशकात या कामाच्या स्पर्धा सुरू केल्या. गंमत अशी, की १९२६ साली संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढणारेही तेच. त्या बियाण्याने शेतकऱ्याच्या घरचे बी काही वर्षांतच हद्दपार केले.

जुनी शेती पुन्हा उभी करताना खरी अडचण इथेच येते. घर बांधता येते, पोशाख शिवता येतात, पण बी आणि जनावर हरवले की काय करणार? १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात बक्षीस मिळवलेला ‘रीड्स यलो डेंट’ हा मका सुदैवाने टिकला. मेंढ्यांच्या, डुकरांच्या, गुरांच्या अनेक जुन्या जातींचे तसे झाले नाही. अशा जिवंत संग्रहालयांना जुन्या जाती शोधूनही मिळेनात, आणि त्या खटाटोपातूनच १९७७ साली, आज ‘लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी’ या नावाने चालणारी, दुर्मीळ पाळीव जातींसाठी काम करणारी संस्था जन्मली. आपल्याकडे अजून तेवढा उशीर झालेला नाही. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात डांगी जातीची गुरे आहेत. त्यांची कातडी तेलकट असल्यामुळे धो धो पावसात, गुडघाभर चिखलात ती काम करतात. मुरबाडजवळच्या म्हसाच्या यात्रेत आजही गुरांचा बाजार भरतो. खारजमिनीत तग धरणारे काळा राता आणि भुरा राता हे भात पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या अभ्यासात आहेत.

या संस्थेचा आणखी एक भाग सांगायला हवा, कारण तो नसता तर मी इतके कौतुक केले नसते. १८५०च्या आधी तेथे १७०० साल आहे. ज्यांच्यावरून राज्याला नाव मिळाले त्या आयोवे लोकांचे शेत त्यात दाखवले आहे. झाडाच्या सालींनी मढवलेली घरे, गव्याच्या खांद्याच्या हाडाची कुदळ, आणि मका, शेंगा व भोपळा यांची एकत्र लागवड. वेल मक्यावर चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात. ही शेती मुख्यतः स्त्रिया करीत. १८३८पर्यंत या लोकांना तहांच्या कागदांवर आपली सारी जमीन सोडून द्यावी लागली. त्यांचे वंशज आज कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर आणि ओक्लाहोमात आहेत. म्हणजे १८५०चा तो कष्टाळू शेतकरी ज्या माळावर नांगर धरून उभा आहे, तो माळ त्याआधी काही वर्षांपूर्वीच रिकामा करून घेतलेला होता. जुन्या शेतीचे चित्र रंगवताना जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे गाळले, तर उरते ती सहल.

आणि सहलीचा मोह इथेही आहेच. १९७९च्या ४ ऑक्टोबरला पोप जॉन पॉल दुसरे एका शेतकऱ्याच्या पत्रावरून या शेतावर आले होते आणि त्यांच्यासमोर साडेतीन लाख माणसे जमली होती. त्या दिवसाचा उल्लेख अजून अभिमानाने होतो. १८७६ सालचे म्हणून वसवलेल्या ‘वॉलनट हिल’ या छोट्या गावात लोहार खरोखर भाता चालवतो, पण भेट देणाऱ्यांची पावले दुकानाकडेच अधिक वळतात. शिवाय कितीही प्रामाणिकपणे केले तरी एक गोष्ट पुन्हा उभी करता येत नाही, ती म्हणजे भीती. पीक बुडाले तर तिथल्या कोणाची चूल विझत नाही, घटसर्पाने मूल दगावत नाही, सावकार दारात येत नाही. संध्याकाळी नांगऱ्या आपल्या मोटारीने घरी जातो. आपल्याकडील कृषी पर्यटन केंद्रांत तर कष्टही गाळलेले असतात: फेटा, बैलगाडीची फेरी, चुलीवरची भाकरी आणि झोपाळा. जेवण उत्तम असते, पण ज्वारी कोणी खुडली ते कळत नाही.

परतताना सासरे घणसोलीच्या शेतीविषयी बोलू लागले. खाडीच्या भरतीला अडवणारे मातीचे बांध, आतले पाणी ओहोटीला सोडणारी उघाडी, पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाण्याची वाट पाहणे. खारातल्या भाताला पुष्कळ ठिकाणी नांगर लागतच नसे. बी भिजवून, पेंढ्याखाली झाकून मोड आणायचे आणि ते रहू चिखलात फेकायचे. मग कापणी, झोडणी, उडवी. बांध फुटला की सारा गाव धावे. हे सगळे त्यांनी स्वतः केलेले आहे. मला तेव्हा आयोवाच्या यशाचे कारण उमगले: १९७०मध्ये तिथे घोड्यांनी शेती केलेले लोक हयात होते, कारण ट्रॅक्टरने घोड्यांना पुरते हटवले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. त्या लोकांना विचारून शिकता आले. नवी मुंबईत १९७०च्या आसपास ज्यांनी ऐन उमेदीत खारात भात पिकवले ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. खाडीकाठी एक-दोन एकरांचा तुकडा, त्याचा बांध, एक उघाडी आणि राता भाताचे बी एवढे मिळाले, तर शिकवणारे अजून गावठाणात आहेत. त्या शेतावर जानेवारी १९८४मध्ये जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या पाच जणांची आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणाऱ्या योजनेची हकीगतही सांगावी लागेल, जशी अर्बनडेलला आयोवे लोकांची सांगतात.

मुलांकडे शिकागोला येणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी थोडी उपयोगाची माहिती देते. शिकागोहून डे मॉइन मोटारीने पाच-सहा तासांवर आहे. शेतांचा मुख्य हंगाम मे ते ऑक्टोबर असतो. नुसते पाहून यायचे असेल तर शेते उघडी असतील तो कोणताही दिवस चालेल, पण नांगरणी, गव्हाची कापणी किंवा मक्याची काढणी नेमकी कधी आहे ते आधी विचारून त्या बेताने निघावे. गावापासून शेतांपर्यंत ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून नेतात, पुढचे सारे पायी आहे. पाऊस झालेला असेल तर जुने बूट घालावेत. सोबत शेती केलेले कोणी वडीलधारे असतील तर त्यांना पुढे करावे आणि दुभाष्याचे काम आपण करावे, कारण पोशाखातील मंडळींना आपल्या प्रश्नांपेक्षा त्यांच्या प्रश्नांत अधिक रस असतो.