तास कुठल्या वारी असतात?

इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात (सोळा वर्षांपुढच्यांना आणि प्रौढांना शिकवणाऱ्या गावातल्या कॉलेजात) मी बालशिक्षणाची फाउंडेशन डिग्री शिकवते. तळमजल्यावर सोळा-सतरा वर्षांची मुलं प्लंबिंग आणि केशरचना शिकतात, संध्याकाळी मोठी माणसं इंग्रजी-गणिताच्या जीसीएसईला (आपल्या दहावीसारख्या परीक्षेला) बसायची तयारी करतात आणि वरच्या मजल्यावर आमचा पदवीचा वर्ग भरतो. फाउंडेशन डिग्री हा प्रकार इंग्लंडमध्ये 2001 मध्ये सुरू झाला. पूर्णवेळ केली तर दोन वर्षं, मग टॉप-अप, म्हणजे वर्षभराचा पुढचा अभ्यास, केला की ऑनर्स म्हणजे पूर्ण पदवी. प्रमाणपत्रावर बहुतेक वेळा भागीदार विद्यापीठाचं नाव असतं.

विद्यापीठ सोडून आमच्याकडे येणाऱ्या बायांबद्दल 'कुठे नंबर लागला नाही म्हणून आल्या असतील' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. प्रवेशाच्या मुलाखतीला येतात त्या बहुतेक तिशी-चाळिशीतल्या, नर्सरीत किंवा प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं काम केलेल्या. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तास कुठल्या वारी असतात?" सगळे तास एक-दोन दिवसांत बसवलेले असले, तर बाकीचे दिवस नोकरी टिकते आणि दुपारी पोरांना शाळेतून आणता येतं. विद्यापीठाचं वेळापत्रक आठवडाभर विखुरलेलं असेल, तर यांचं सगळं गणितच कोलमडतं.

पैशाचा विचार असतोच. 2025-26 साठी इंग्लंडमध्ये विद्यापीठाची वार्षिक फी जास्तीत जास्त 9,535 पौंड होती, बरीच कॉलेजं त्याहून कमी घेतात. पण फीसाठी कर्ज कॉलेज आणि विद्यापीठ दोन्हीकडे मिळतं, त्यामुळे खरा फरक पडतो तो भाड्याने आणि प्रवासाने. आत्ताच्या नियमाने न फिटलेलं कर्ज 40 वर्षांनी माफ होतं. तोवर ठरावीक मर्यादेच्या वरच्या पगारातून 9 टक्के कापले जाणार, हे घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने लेव्हल थ्रीसुद्धा (बारावीच्या पातळीचं शिक्षण) याच कॉलेजात केली होती. ट्रेनने सहज जाता येईल असं विद्यापीठ असताना इथेच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तिथे निबंधात अडकले तर विचारू कुणाला? इथे मला कॅन्टीनपासून सगळे ओळखतात." वर्ग छोटा असल्यामुळे मी प्रत्येकीचा कच्चा मसुदा शेजारी बसून वाचते. संदर्भ कसे द्यायचे इथपासून सुरुवात करावी लागते, आणि दुसऱ्या वर्षी त्याच बाया नर्सरीतल्या मुलांच्या नोंदींवरून माझ्याशी वाद घालतात. मला ते फार आवडतं.

उणिवाही मी मुलाखतीतच सांगते. ग्रंथालय लहान आहे, विषयांची निवड मोजकी आहे, आणि आम्हा शिक्षकांवर तासांचा भार इतका की संशोधनाला वेळ उरत नाही. टॉप-अप इथेच होणार की विद्यापीठाच्या आवारात, हे अर्ज भरण्याआधी लेखी विचारून घ्या, असंही सांगते. तिसऱ्या वर्षासाठी लांब जावं लागलं, तर ज्या कारणासाठी गावातलं कॉलेज निवडलं तेच हातचं जातं. आणि एखादीला खरोखर संशोधनातच जायचं असेल, तर तिने विद्यापीठात अर्ज करावा म्हणून शिफारसपत्र मी स्वतः लिहून देते.