तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही पुण्याला का गेलो नाही

आमच्या पंक बँडबद्दल (पंक म्हणजे छोटी, वेगवान, ओरडून गायची रॉक गाणी) कुणाला कळलं की पहिला प्रश्न वेगवेगळा असतो, दुसरा मात्र ठरलेला: "मग पुण्याला राहायला का नाही गेलात?" दुकानात मोटार टाकायला आलेली माणसं विचारतात, मावशीच्या सासरचे विचारतात. बऱ्याच जणांनी उत्तरही मनात धरलेलं असतं. मुलगी आहे, घरच्यांनी सोडलं नसणार. तसं काही नव्हतं. पप्पांनी स्वतः स्टेशनवर जाऊन तिकीट काढून दिलं होतं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आम्ही चौघं लातूरचे. बँड सुरू झाला २०१४ च्या पावसाळ्यात, एका मेमरी कार्डावरून. तेव्हा मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन कार्डात गाणी भरून मिळायची. माझ्या मावसभावाच्या कार्डात भक्तिगीतं आणि सिनेमाच्या गाण्यांच्या मधोमध रामोन्स या पंक बँडची काही गाणी आली होती. कुणी भरली, का भरली, माहीत नाही. दोन मिनिटांची गाणी. सुरुवात नाही, आलाप नाही, दारातून आत येऊन थेट बोलायला लागल्यासारखी. न्यूयॉर्कच्या या चौघांच्या १९७६ सालच्या पहिल्या रेकॉर्डवर चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की हे आपल्याला जमेल.

पंक ज्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांवर, उभं आहे तिला पॉवर कॉर्ड म्हणतात. तिच्यात सा आणि प एवढेच स्वर. गंधार नाही. शुद्ध गंधारानं गाणं उजळतं, कोमल गंधारानं कातर होतं. इथं तो प्रश्नच नाही, भाव गाणाऱ्यानं आणायचा. आई भजनी मंडळात पेटी धरते. मी घरात ही कॉर्ड वाजवली तेव्हा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "हा तर तंबोराच की गं, खवळलेला." आणि तिनं त्यावर जनाबाईचा अभंग धरला. बसला. कुठलाही अभंग बसतो. ज्यांना पंक परकं वाटतं त्यांना मी अजूनही हेच ऐकवते.

पंकला गिटारीचा आवाज फाटका लागतो, तो फाडून घ्यायला आमच्याकडं काही साधन नव्हतं. पप्पांचं औसा रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात. तिथं मंडपवाल्याचा एक जुना अहुजा अँप्लिफायर पडून होता. त्याला गिटार जोडली आणि आवाज पूर्ण सोडला की त्याची ताकद अपुरी पडायची, आवाजाच्या लाटेची वरची-खालची टोकं कापली जायची आणि स्वर करवतीसारखा यायचा. पप्पा म्हणाले, "फाटायलाय. दे, करून देतो." मी म्हटलं, "नको, असाच पाहिजे." ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्याचा ट्रान्सफॉर्मर फार तापू नये म्हणून नवीन तार भरून दिली. त्यांनी आमच्यासाठी केलेलं ते सगळ्यात मोठं काम.

ड्रम वाजवणाऱ्या मित्राचं घर लग्नाच्या बँडमधलं. वडील ट्रम्पेट वाजवायचे, चुलते हलगी. आमचे सगळे ड्रम त्यांचेच, म्हणजे लग्नसराईत ते वरातीत आणि मित्रही वरातीत. तुळशीचं लग्न झालं की आमची प्रॅक्टिस थांबायची. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला, मुहूर्त संपले, की ड्रम आमचे. त्यामुळं आमची जवळजवळ सगळी गाणी पावसाळ्यात झालेली आहेत, पाऊस असो वा नसो. जागा होती एमआयडीसीतल्या एका दालमिलचं गोदाम. तुरीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आवाज मुरतो, बाहेर जात नाही. तासाभरानं नाकात, केसात, गिटारीच्या चाव्यांत भुसा. मिलचे काका पैसे घेत नव्हते, "लेकरं हाईत, वाजवू द्या" म्हणायचे.

आता २०१६ कडं येते, कारण उत्तर तिथं आहे.

धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. नळाला पाणी येणं बंदच झालं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांजवळ जमावबंदी लागली, १४४ कलम, भांडणं होतील म्हणून. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती टीव्हीवर तुम्ही पाहिली असेल. टीव्हीवर जे दिसलं नाही ते गल्लीत रात्री होतं. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. बायका उंबऱ्यावर बसून डुलक्या घ्यायच्या, एक कान रस्त्याकडं. आमच्या घरात आणखी एक गोष्ट होती, ती मला आजही सहज बोलता येत नाही. पाणी खोल गेलं की बोअरच्या मोटारी कोरड्या फिरतात आणि जळतात. गाव तहानेनं व्याकूळ व्हायला लागलं तसं आमचं दुकान भरायला लागलं. २०१५ चा हिवाळा आमचा सगळ्यात चांगला गेला. माझ्या बेसवाल्या मित्राच्या बेस गिटारीची किंमत त्याच मजुरीतून निघाली. पुढं बोअरच बंद पडले आणि मोटारी यायच्या थांबल्या.

त्या उन्हाळ्यात लग्नं फार कमी झाली, त्यामुळं ड्रम मोकळे होते. आम्ही पाण्यावर एक गाणं केलं, पन्नास सेकंदांचं. सगळा जोर शेवटावर होता: "टँकर आला! टँकर आला!" चौघांनी बेंबीच्या देठापासून ओरडायचं. आम्हाला ते फार आवडत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, जमावबंदी उठल्यावर, आमच्या गल्लीत रात्री साडेदहाला वाजवलं. एका घरातून वायर घेतली, अहुजा ओट्यावर ठेवला. ऐकायला घागरींची ओळ आणि तिच्यामागं पन्नासेक माणसं. पाण्याचं गाणं झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ओळीतल्या एक आजी मात्र तशाच बसून होत्या. मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "समदं चांगलं हाय. पण टँकर आल्यावर कोण वरडतंय गं? वरडलं की मागची गल्ली जागी होती. टँकर आला की गप उठायचं, आन् पळायचं."

मी त्यांच्या समोरच राहत होते. त्याच टँकरला मीही पळत होते, गपच पळत होते. आणि गाण्यात खोटं लिहिलं होतं. कारण पंकमध्ये शेवटी ओरडतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी गोदामात आम्ही शेवट काढून टाकला. जिथं ओरडत होतो तिथं चार मात्रा काहीच नाही. गिटारीच्या तारांवर तळवा, ड्रमवर काही नाही, तोंड मिटलेलं. मग एकदम धावती लय, दुप्पट वेगानं, शब्दांशिवाय. चार मात्रा गप्प राहणं आम्हाला अवघड गेलं. त्या वेगात हात थांबत नाही. ड्रमवाल्या मित्राला त्याच्या चुलत्यांनी शिकवलं: काडी उचलून धरायची आणि मनात "एक घागर, दोन घागर" म्हणायचं. ते गाणं आम्ही त्याच गल्लीत परत वाजवलं. गप्प मात्रा आल्या आणि सगळी गल्ली गप्प झाली. मांडीवरची पोरंसुद्धा. त्या शांततेत कुणाचा तरी हंडा वाजला आणि आम्ही सुटलो. आजींनी नुसती मान हलवली.

पुण्याला आम्ही जानेवारी २०१७ मध्ये गेलो, रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं. एका ठिकाणी वाजवायला बोलावलं होतं. लोक चांगले होते, हे मनापासून सांगते. लक्ष देऊन ऐकत होते, चहा-जेवणाचं बघितलं. पाण्याच्या गाण्यात गप्प मात्रा आल्या आणि त्यांना वाटलं गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. धावती लय टाळ्यांखाली गेली. नंतर एका गृहस्थांनी सांगितलं, सहा महिने इथंच राहा, खोली मी बघतो, रेकॉर्डिंगही करून देतो. त्यांना गाणी खरंच आवडली होती. परतीच्या गाडीत चौघं दौंडपर्यंत काही बोललो नाही. मग बेसवाला म्हणाला, "तिथं चुकलं तर सांगणार कोण?"

एवढंच उत्तर आहे. तिथं आम्ही काहीही गायलो असतो तरी दुष्काळाकडून आलेली पोरं म्हणून खरंच मानलं गेलं असतं. इथं तसं नव्हतं.

आणि पंकमध्ये हे काही नवं नाही. बझकॉक्स हा पंक बँड इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. लंडनच्या कंपन्यांची वाट न बघता त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःची रेकॉर्ड काढली, पहिल्यांदा हजार प्रती. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या कोवळ्या पोरांनी डिस्कॉर्ड नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, रेकॉर्डची पाकिटं हातानं कापून चिकटवली. आम्ही २०१७ च्या चातुर्मासात गोदामाच्या वाशाला फोन टांगून सात गाणी रेकॉर्ड केली, अकरा मिनिटांची, आणि लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेजवळच्या मोबाईलवाल्याकडं दिली. कार्ड भरायला येणाऱ्याला तो विचारायचा, "लातूरचं पण टाकू का?" किती कार्डांत गेली ते त्यालाही माहीत नाही. एकदा अंबाजोगाईच्या बसमध्ये मागच्या सीटवर माझाच आवाज ऐकू आला. मी वळून बघितलं नाही, उतरेपर्यंत नुसती ऐकत राहिले.

बेसवाला २०१९ ला चाकणला कंपनीत लागला, आता सुट्टी काढून येतो. ड्रमवाला वडिलांचा बँड सांभाळतो. मी दुकानात बसते, मोटारींना तार भरते. एकादशी झाली की गोदामाची किल्ली मिळते. त्या आजी आता नाहीत. पाण्याचं गाणं आम्ही दर वर्षी पहिल्यांदा वाजवतो. चार मात्रा गप्प होतो, भुसा हवेत तरंगत असतो, ड्रमवाल्याचे ओठ मोजताना हलतात: एक घागर, दोन घागर.