ग्लेनव्हे (डोनेगॉल, आयर्लंड): किल्ल्यात दिवस घालवू नका

फोटो बघून कुणीही फसेल असा किल्ला आहे, तळ्याकाठी, ग्रॅनाइटचा, बुरूजबिरूज सगळं. पण लढाई एकही बघितलेली नाही, 1870 च्या सुमाराला बांधलेला जमीनदाराचा बंगला आहे तो. बाग चांगली, अर्ध्या तासात उरका.

खरी गोष्ट बाहेरच्या डोंगरात आहे. हा बंगला बांधणाऱ्या जमीनदाराने, जॉन जॉर्ज अडेरने, एप्रिल 1861 मध्ये इथल्या डेरीव्हे भागातली 47 कुळांची कुटुंबं, 244 माणसं, सुमारे 200 पोलीस आणून तीन दिवसांत घराबाहेर काढली. आधी शिकारीचे हक्क आणि मेंढ्यांवरून कुरबुर चालूच होती, त्यात नोव्हेंबर 1860 मध्ये त्याच्या कारभाऱ्याचा खून झाला, खुनी काही सापडला नाही, मग शिक्षा सरसकट सगळ्या कुळांना. मेंढ्या कुळांनी मारल्या असा त्याचा आरोप होता, गावातले लोक अजून म्हणतात की त्याच्याच स्कॉटिश मेंढपाळांनी खाल्ल्या.

आम्ही उतरलो होतो तिथल्या आजी अडेरला नावाने बोलवतच नाहीत, 'ब्लॅक जॅक'. 1885 ला तो गेल्यावर बायकोने तळ्यासमोरच्या मोठ्या खडकावर 'शूर, न्यायी, उदार' असं कोरून घेतलं होतं म्हणे, आणि वीज पडून तो खडक फुटून तळ्यात गेला. हे सांगताना आजींचा चेहरा बघण्यासारखा होता, चहा ओतायचा थांबवून हाताने खडक कसा फुटला ते दाखवलं. शिवाय कुळांचा तळतळाट, वाड्याला वारस लाभणार नाही. अडेरला मूल नव्हतंच, पुढचा एक मालक, हार्वर्डचा प्रोफेसर पोर्टर, 1933 मध्ये इनिशबॉफिन बेटावरून जो गायब झाला तो सापडलाच नाही. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण ऐका नक्की.

आता चालण्याबद्दल. तळ्याच्या कडेची वाट सोपी, त्याबद्दल काय लिहायचं. पण जुन्या भिंती दिसल्या म्हणून वाट सोडलीत तर मेलात! वरून मऊ हिरवं गवत आणि खाली पीटचा (कुजलेल्या झाडपाल्याचा) चिखल, पाय गुडघ्यापर्यंत गेला, बूट ओढून काढताना मोजा आतच राहिला, आणि तेवढ्यात मिजेस नावाची चिलटं कानात, नाकात, चष्म्याच्या आत. उन्हाळ्यात वारा नसेल तर जाऊच नका, निदान डोक्यावर जाळी घ्या. ट्रेकिंग शूज पुरत नाहीत, गमबूट घ्या.

लेटरकेनी या जवळच्या शहरातून टॅक्सी केलीत तर बसायच्या आधी जाण्यायेण्याचे मिळून किती ते ठरवा. आमच्याकडून रिकाम्या परतीचेही पैसे घेतले आणि न्यायला आला तेव्हा परत वेगळे, शुद्ध लूट. दोघं-तिघं असाल तर सरळ भाड्याची कार घ्या, पार्किंग फुकट आहे.

आणि एक, लेटरकेनीतलं काउंटी म्युझियम चुकवू नका, तिकीट नाही. ते जुन्या वर्कहाउसच्या (निराधार गरिबांना काम करवून ठेवायची जागा) इमारतीत आहे, म्हणजे घर पाडल्यावर यातली बरीच माणसं ज्या वर्कहाउसच्या दारात येऊन उभी राहिली तेच. तरुण पोरंपोरी पुढे 1862 मध्ये ऑस्ट्रेलियाला गेली. आधी म्युझियम, मग खोरं, या क्रमाने करा, उलटं केलंत तर संध्याकाळी ते बंद मिळेल.